वाईट वाटणाऱ्याचं नाव

हडपसर, पुणे
६ नोव्हेंबर २०२४

भाऊसाहेब, जयसिंग कामठेचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका. घरात सगळे ठीक आहेत, कुणी गेलेलं नाही. काम आहे म्हणून लिहितोय. तुम्ही कारखान्यात वर बसून इंग्रजी पत्रं लिहायचा आणि मी खाली प्रेसवर पत्रे दाबायचो. एकोणतीस वर्षांत त्या प्रेसनं माझे कान खाल्ले, हे तुम्हाला माहीत आहे. फोनवर ‘हॅलो’च्या पुढचं काही कळत नाही. मोबाइलवर लिहायला गेलो तर अंगठ्याखाली एकदम तीन अक्षरं येतात. तेव्हा टपालाशिवाय इलाज नाही.

आमचं कालव्याच्या अलीकडचं शेत चौदा वर्षांपूर्वी बिल्डरला दिलं, तिथं आता काचेच्या इमारती आहेत. त्या शेताच्या बांधावर उंबराखाली आमचा म्हसोबा. जमीन देताना तोंडी ठरलं होतं की देवाला कुणी हात लावणार नाही, तुम्ही येत जा. कचरू वॉचमन होता तोवर तो आम्हाला दर अमावास्येला मागच्या फाटकातून आत सोडायचा. दोन वर्षांपूर्वी कचरूची नोकरी गेली आणि कार्ड दाखवायचं फाटक आलं. तेव्हापासून नारळ आणि तेल रविराज नेतो. माझा मुलगा त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर कामाला आहे. शेतात नांगराला नाही, पण कॉम्प्युटरला तरी बसला.

आता अडचण अशी. नातू विश्वजीतचं जावळ काढायचंय. आमच्या घरात पहिले केस म्हसोबासमोरच उतरवतात, मामाच्या मांडीवर बसवून. माझे तसेच काढले, रविराजचे तसेच काढले. तिसरं वर्ष संपायच्या आत झालं पाहिजे, आणि ते वीस मार्चला संपतंय. पोराच्या डोळ्यांवर केस येतात, सोसायटीतली माणसं विचारतात, “मुलीचं नाव काय?”

रविराजला म्हटलं, आत जायची परवानगी काढ. तर म्हणाला, “बाबा, अर्जबिर्ज अजिबात करू नका. माझी नोकरी आहे तिथं.” म्हणून मी त्याला न सांगता अर्ज दिला. उत्तर इंग्रजीत आलं. ते त्याला कसं दाखवणार? बुधवार पेठेतून डिक्शनरी आणली आणि एकेक शब्द लावत बसलो. बाकी लागलं, एक शब्द अडला. रिग्रेटेबली. डिक्शनरी म्हणते ‘खेदजनक रीतीने’. आता खेद कोणाला झालाय, मला की त्यांना? पत्र सोबत आहे. खाली सही शेफाली माने, मॅनेजर. उत्तर लवकर द्यावं.

आपला,
जयसिंग

कर्वेनगर, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय जयसिंगराव,

स. न. हडपसरहून कर्वेनगरला पत्र यायला सहा दिवस लागले. चालत आलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोचलं असतं, पण टपालखात्याला घाई आवडत नाही.

तुमचं काम सोपं आहे. नाही म्हणालेत. सुरक्षेचे नियम आहेत, बाहेरच्या माणसांना धार्मिक कार्यासाठी आत येता येणार नाही, एवढंच त्या पानभर मजकुरात आहे. तुमचा अडलेला शब्द आमच्या धंद्यातला. एकतीस वर्षांत मी तो हजार वेळा तरी टाइप केला असेल. वाक्याच्या आरंभी रिग्रेटेबली टाकलं की पुढे काहीही नाकारता येतं. त्यांना वाईट वाटतंय पण परवानगी देता येत नाही, असा अर्थ घ्या आणि विषय सोडा. जावळ दुसऱ्या देवळात काढलंत तर तुमचा म्हसोबा रागावणार नाही. रागावणारे देव आमच्याकडे असतात, कोकणात.

डिक्शनरी चांगली घेतलीत. फक्त तिच्यात शब्दांचे अर्थ असतात, ऑफिसांचे नसतात.

आपला,
श्रीधर बर्वे

हडपसर
२४ नोव्हेंबर २०२४

भाऊसाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यांना वाईट वाटतंय हे कळल्यावर घरी बसवेना. आमच्याकडे कुणाला वाईट वाटतंय असा निरोप आला की माणूस उठून जातो. काय झालं ते जाऊन बघतो, जवळ बसतो, कपभर चहा घेतो. तिनं तर लेखी कळवलं होतं. मी गेलो नसतो तर माणुसकी कुठं राहिली?

शालूच्या भावानं, मच्छिंद्रनं, सासवडहून सीताफळं आणली होती. शालू म्हणजे आमची सूनबाई. त्यातली डझनभर पिशवीत घातली, धुतलेलं धोतर नेसलो आणि गेटवर गेलो. रविराज त्या दिवशी घरून काम करत होता, हे बघूनच गेलो. गेटवरच्या संतोषनं कार्ड मागितलं. म्हटलं, “आत न्हाई जायचं. शेफालीबाईंना भेटायचंय. त्यांना लई वाईट वाटलंय.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि फोन लावला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

पाऊण तासानं ती खाली आली. पोरगीच आहे हो, रविराजपेक्षा लहान. घाबरलेली दिसली. मी पिशवी पुढं केली आणि म्हणालो, “बाई, मनाला लावून घेऊ नका. जावळाचं काय ते आम्ही बघू. तुमच्या घरी सगळं ठीक हाय ना?”

तिला काही कळेना. दोनदा विचारलं, “काका, तुमचं नक्की काम काय आहे?” मी पत्र काढलं, त्या शब्दावर बोट ठेवलं. मग तिनं, ऐकू येत नाही तेव्हा लोक मला लिहून दाखवतात त्या वहीत, मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘मी तुमचा दगड शोधायला सांगते.’ मी म्हटलं, शोधायचं काय त्यात, उंबराखालीच आहे की. पण तोवर ती पिशवी घेऊन गेली होती.

शब्द चांगला आहे तुमच्या इंग्रजीतला. माणसं भेटतात.

जयसिंग

कर्वेनगर
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय जयसिंगराव,

अहो, हे काय करून बसलात! नकारपत्र पाठवणाऱ्या बाईचं सांत्वन करायला फळं घेऊन जाणारा पुण्याच्या इतिहासातला पहिला माणूस तुम्हीच असाल.

चूक माझी, मी घाईत अर्थ लिहिला. आता नीट वाचा. इंग्रजीत दोन शेजारी शब्द आहेत. एक रिग्रेटफुली, म्हणजे लिहिणाऱ्याच्या पोटात खरंच काहीतरी कालवतंय. दुसरा तुमचा, रिग्रेटेबली. म्हणजे झालंय ते खेद करण्याजोगं आहे. कोणी करायचा, ते सांगितलेलं नाही. खेद टेबलावर ठेवलेला असतो, ज्याला हवा त्यानं उचलावा. आमच्या मॅनेजरसाहेबांना पहिला शब्द आवडत नसे. म्हणत, “बर्वे, त्यात आपण अडकतो.” मी मुकाट्यानं दुसरा टाइप करायचो.

तेव्हा शेफालीबाईंच्या पोटात काही कालवत नव्हतं. तुम्ही गेल्यावर कालवलं असेल तर सांगता येत नाही. पुन्हा जाऊ नका, ही विनंती.

श्रीधर

हडपसर
९ जानेवारी २०२५

भाऊसाहेब, नमस्कार.

तुमचं ते टेबलाचं मला पटलं नाही. खेद आहे आणि खेद करणारा नाही, असं कसं? ताप आहे आणि आजारी माणूस नाही, असं कुठं असतं? पण तुम्ही शिकलेले.

शेफालीबाईंचं दुसरं पत्र आलंय, पुन्हा इंग्रजीत. तीनच ओळी आहेत पण त्यातही तोच शब्द आहे, ह्यावेळी मधोमध. डिक्शनरी लावायला बसलो तर पोरानं तिची पानं फाडली. आणि खरं सांगायचं तर माझा जीव होईना. तुम्हीच वाचा आणि काय असेल ते सरळ सांगा. मार्च आला जवळ.

जयसिंग

कर्वेनगर
१५ जानेवारी २०२५

प्रिय जयसिंगराव,

पत्र वाचलं. काळजीचं काही नाही. आत बागेचं काम काढलंय, त्यामुळे सध्या कोणालाच त्या बाजूला जाता येत नाही, असं लिहिलंय. काम संपलं की बघू म्हणतात. संपेल कधी ते लिहिलेलं नाही, आणि पुण्यातली कामं कधी संपतात हे तुम्ही जाणताच.

माझं ऐका, जावळ यंदा दुसरीकडे काढून घ्या. मूळ पत्र मी माझ्याकडेच ठेवतो, फायलीत राहील.

थंडी जपा.

श्रीधर

हडपसर
३१ जानेवारी २०२५

भाऊसाहेब, नमस्कार.

बागेचं काम असेल तर हरकत नाही, थांबतो. म्हसोबा कुठं पळून जातोय? परवा अमावास्या झाली. रविराजकडे नारळ आणि तेलाची बाटली दिली होती. संध्याकाळी आला तेव्हा विचारलं, “झालं का रं?” मान हलवली आणि वहीत लिहून दाखवलं: ‘तेल घातलं, नारळ फोडला, देव चांगला आहे.’ खोबऱ्याचा तुकडाही आणला होता, विश्वजीतला दिला.

म्हणजे बागेचं काम चालू असलं तरी कार्डवाल्यांना देवापर्यंत जाता येतंय. तेव्हा मार्चपर्यंत आम्हालाही सोडतील, असं मला वाटतं. दुसरीकडे काढायचं म्हणता, पण ते मला जमणार नाही. मी जमीन दिली तेव्हा बांधावर उभा राहून त्याला बोललो होतो, शेत गेलं तरी घरातलं पोर तुझ्यापुढंच आणीन. माणसाला दिलेला शब्द मोडला तर माफी मागता येते. देवाला ऐकू येतं की नाही ते माहीत नाही, माझ्यासारखंच असेल. म्हणून शब्द मोडायचा नाही.

तुमच्यामुळं धीर आहे.

जयसिंग

कर्वेनगर
६ फेब्रुवारी २०२५

रविराज यास,

मी श्रीधर बर्वे, तुझ्या वडिलांच्या कारखान्यात होतो. लहानपणी तू मला एकदा पाहिलं आहेस, आठवत नसेल. हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

तुला न सांगता तुझ्या वडिलांनी तिथे अर्ज केला. दुसऱ्या उत्तराची प्रत सोबत आहे, ती आधी वाच. दोन वर्षांपूर्वी बाग करताना तो दगड राडारोड्याबरोबर, खेदजनक रीतीने, हलवला गेला आणि आता तो सापडत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. उंबरसुद्धा नाही. हे त्यांना सांगण्याचं माझ्या जिवावर आलं, म्हणून बागेचं काम चालू आहे अशी थाप मारली. ते माझं मी बघीन.

पण तू? दगड दोन वर्षांपूर्वी गेला आणि गेल्या आठवड्यात तू त्याच्यावर तेल घातलंस! कशावर घातलंस? बाप बहिरा आहे, आंधळा नाही. तो तुझ्या हातात दर महिन्याला नारळ देतो आणि तू त्याला वहीत खोटं लिहून दाखवतोस. वर खोबरं आणून पोराला भरवतोस. कँटीनच्या चटणीतलं होतं का ते? तुझ्या कंपनीनं निदान एक शब्द तरी खर्च केला, तू तेवढाही केला नाहीस.

मला उत्तर हवं आहे. ई-मेल नको, मी उघडत नाही.

श्रीधर बर्वे

हडपसर
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

शाळेनंतर पहिल्यांदाच कागदावर पत्र लिहितोय, अक्षर समजून घ्या. तुमचं पत्र टीमसमोर उघडलं आणि उठून जिन्यात जाऊन बसलो.

दगड गेलेला नाही. माझ्याकडे आहे.

दोन वर्षांपूर्वी मी कॉफी घेऊन खिडकीशी उभा होतो. खाली जेसीबी उंबर पाडत होता. मला वाटलं, झाडच पाडतायत. मग बादलीत शेंदरी काहीतरी दिसलं. सहा मजले जिन्यानं उतरलो, लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. डंपर निघायच्या बेतात होता. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला म्हटलं, हा दगड माझा आहे. तो हसला, म्हणाला, “ले जाओ.” जॅकेटमध्ये गुंडाळला. पाच किलो पिठाच्या पिशवीएवढा आहे फक्त. लहानपणी केवढा मोठा वाटायचा.

घरी नेणार कसा? बांधावरचा देव घरात आणत नाहीत, बाबांनीच सांगितलंय. आणि आणला असता तर उंबराचं सांगावं लागलं असतं. म्हणून माझ्या डेस्कशेजारी झाडाची मोठी कुंडी आहे, तिच्या मातीत ठेवला. दोन दिवसांसाठी म्हणून ठेवला होता. दोन वर्षं झाली. अमावास्येला सगळे जेवायला गेले की तेल घालतो. नारळ खाली पार्किंगच्या कठड्यावर फोडतो, खोबरं टीमला वाटतो आणि एक तुकडा घरी आणतो. वहीत लिहिलेलं सगळं खरं होतं, काका. फक्त कुठे ते लिहिलं नाही.

पण एक गोष्ट मी केली आहे आणि ती बाबांना कशी सांगू ते कळत नाही. ऑफिसमध्ये शेंदूर लावलेला दगड ठेवून चालणार नव्हतं, कुणीतरी विचारलं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी वॉशरूममध्ये नेऊन घासला. हँडवॉश आणि स्टीलची पट्टी. थरावर थर निघत होते. आजोबांच्या, पणजोबांच्या हातचा शेंदूर असेल तो. बेसिन लाल झालं होतं. कुणी आलं की मी नळ सोडून तोंड धुतल्यासारखं करायचो. आता तो काळा साधा दगड आहे. लोकांना शोभेचा वाटतो.

तुम्ही मला खोटारडा म्हणालात, त्यात थोडं खरं आहे. मी आजच रात्री बाबांना सगळं लिहून देणार आहे. तुमचं बागेचंही त्यात येईल. ते टाळता येणार नाही, सॉरी.

रविराज

कर्वेनगर
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयसिंगराव,

तुमच्याकडून पत्र नाही, म्हणून मीच लिहितो आहे. चि. रविराजने आपणांस सर्व वृत्तांत कळवला असेलच. दिनांक नऊ जानेवारीच्या पत्रासोबतच्या उत्तरातील मजकुराबाबत आपणांस वस्तुस्थितीची पूर्ण कल्पना देण्यात आली नाही, ही गोष्ट निश्चितच खेदजनक आहे. आपल्या भावना दुखावल्या जाऊ नयेत, एवढाच हेतू त्यामागे होता. तसेच चि. रविराजबाबत काही गैरसमज निर्माण झाले, तेही टळले असते तर बरे झाले असते.

आपला स्नेह पूर्ववत राहील अशी आशा आहे.

आपला,
श्रीधर बर्वे

हडपसर
३ मार्च २०२५

भाऊसाहेब,

पत्र परत पाठवतोय. मराठीत आहे, तरी कळलं नाही. कल्पना देण्यात आली नाही. कोणी दिली नाही? गैरसमज निर्माण झाले. आपोआप झाले का? नाव घाला आणि पुन्हा पाठवा.

जयसिंग

कर्वेनगर
७ मार्च २०२५

जयसिंगराव,

मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही म्हणालात सरळ सांगा, आणि मी सरळ सांगितलं नाही. तुमच्या भावना वगैरे मी म्हणालो, तेही पूर्ण खरं नाही. ‘देव कचऱ्यात गेला’ हे वाक्य माझ्या हातानं लिहायला मला भीती वाटली. एकतीस वर्षं मी लोकांना वाईट बातम्या कळवत आलो, पण त्या कधी माझ्या नव्हत्या. खाली सही दुसऱ्याची असायची.

तुमच्या मुलाला मी चोरासारखं झापलं. तो तुमचा देव कुंडीत सांभाळत होता आणि मी त्याला चटणीतलं खोबरं काढून दाखवलं. त्याला मी वेगळं लिहिलंय, पण तुम्हालाही सांगतो, मला लाज वाटली. मला वाईट वाटतंय, जयसिंगराव. मला, श्रीधर बर्वेला. तुमचं पत्र टेबलावर पडलंय आणि ते आल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

आता एक विचारतो. रागात असाल तर उत्तर देऊ नका. रविराजनं दुसऱ्या पत्रात लिहिलं की तुमच्याकडे आता दगड टेकवण्यापुरतीही जमीन राहिली नाही, तिसऱ्या मजल्यावर राहता. मी तळमजल्यावर राहतो. माझ्या खिडकीखाली सोसायटीची हातभर माती आहे, पेरूचं झाड आहे. त्यानं सहा वर्षांत एकही पेरू दिलेला नाही, पण सावली देतो. उंबर नाही, ह्याची मला जाणीव आहे. बांधही नाही, पण कंपाउंडची भिंत आहे, तीही हद्दच दाखवते. सेक्रेटरींना विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार करून नोटीस बोर्डावर उत्तर लावलं: ‘तळमजल्याच्या खिडकीखाली बसवल्या जाणाऱ्या देवामुळे पार्किंगला अडथळा होता कामा नये.’ म्हणजे हो. तोंडी एवढंच विचारलं की देव शाकाहारी आहे ना. मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून ह्यावेळी मी काही ठोकून दिलं नाही. तुम्हालाच विचारतो.

श्रीधर

हडपसर
१३ मार्च २०२५

भाऊसाहेब, नमस्कार.

हे पत्र कळलं. एकदाच वाचावं लागलं.

सेक्रेटरींना सांगा, देव शाकाहारी नाही, पण जावळाला पुरणपोळीच असते. बाकीचं आम्ही आमच्याकडे उरकू, तुमच्या पेरूखाली काही आणणार नाही.

काल देव बाहेर काढला. रविराजनं शेफालीबाईंना सगळं सांगितलं, नोकरी गेली तर जाऊ दे म्हणाला. गेली नाही. पण आतली वस्तू बाहेर न्यायला त्यांच्यात एक कागद लागतो. वस्तूचं वर्णन: दगड, नग एक. पुढं रकाना होता, परत येणार की नाही. रविराजनं लिहिलं, नाही. ती बाई गेटपर्यंत आली होती. ह्यावेळीही वहीतच लिहिलं: ‘काका, पहिल्या पत्रावर मी न बघता सही केली होती. चुकलं माझं.’ मी म्हटलं, चुकायचंच बाई, घरी या कधीतरी. सीताफळं गोड होती म्हणाली.

आता तुम्हाला एक सांगतो, रविराजला अजून सांगितलेलं नाही. मी रागातच गेलो होतो. शेंदूर धुतला हे वाचल्यापासून चार आठवडे पोराशी बोललो नव्हतो. ठरवलं होतं, देव हातात आला की तिथंच, सगळ्यांसमोर, त्याला बोलायचं. तो जॅकेटमध्ये घेऊन येत होता. गेटच्या कडेला एक काळा दगड आधीच ठेवलेला होता, गाड्यांनी कोपरा खाऊ नये म्हणून. मला वाटलं, तोच आणून ठेवलाय, म्हणून मी त्याच्यापाशी गेलो, चप्पल काढली आणि हात जोडले. रविराज मागून आला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जॅकेट उघडून दाखवलं. देव त्याच्या हातात होता.

साठ वर्षं पाया पडलो, भाऊसाहेब, आणि मला तो ओळखता आला नाही. शेंदराखाली तो कसा आहे, हे मी कधी बघितलंच नव्हतं. पोरानं दोन वर्षं शेजारी ठेवून बघितला होता. त्याला एका बाजूची चीर माहीत आहे, पाणी घातल्यावर कुठं निळसर दिसतो ते माहीत आहे. मग मी कुणाला बोलणार होतो? रस्त्यावरच बसलो. तो पण बसला. संतोषनं पाणी आणून दिलं.

वीस तारखेला सकाळी आम्ही सगळे तुमच्याकडे येतोय. मी, रविराज, शालू, मामा मच्छिंद्र आणि पोर. न्हावी मच्छिंद्र आणणार आहे, पुरणपोळ्या शालू करून आणेल, तुम्ही स्वयंपाकात पडू नका. शेंदूर आणि तेल तेवढं तुम्ही आणून ठेवा. रविराजनं घासून काढला, तुम्ही माझ्यापासून लपवला. तेव्हा पहिला हात तुम्ही दोघांनी मिळून लावायचा. मी पोराला धरून समोर बसेन आणि ह्यावेळी नीट बघून घेईन.

जयसिंग